काना नाही, मात्रा नाही

धरणगावच्या पुढे, चोपडा रस्त्याला,
जिनिंगच्या फाटकावर वॉचमननं स्कूटर अडवली.
कथाईन उनी? कोनी पोर शे?
अमळनेरची. सोनारांची. कॉम्प्युटरसाठी आलेय.
एवढ्यावर त्यानं साखळी सोडली.

काट्याच्या खोलीत शेठ उभेच होते.
मशीन रडतंय, म्हणाले, पावती निघेपर्यंत
ट्रॅक्टरवाल्याच्या दोन बिड्या होतात.
आणि हे बघा काय बसलंय आत.
चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं, खाली दोनदा रेघ :
सी एस आर एस एस.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.
असलं नाव चोराचंच असतं.
मग आवाज उतरवून,
आणि काट्यावर माणूस कोण, तर दगा.
नावातच आलं सगळं.

दगा तुळशीराम बाविस्कर
खुर्चीमागे उभा, हातात डबा,
कळण्याची भाकरी अर्धी राहिलेली.
त्यानं ऐकलं. त्यानं डब्याचं झाकण लावलं.

शेठ मूळचे इकडचे नाहीत. त्यांना कोण सांगणार,
आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत
की तिसऱ्याला दगडासारखा टिक म्हणून दगडू म्हणतात,
हाका मारता मारता त्याचा दगा होतो.
माझ्या एका मामाचं नाव उखर्डू.
याला उकिरड्यावर टाकलाय, असं दृष्टीला खोटं सांगितलेलं,
ते पंच्याऐंशी वर्षं पुरलं.

मी बसले.
आधी पत्ता काढला. सिस्टीमच्या घरातच राहतंय
की भलत्याच फोल्डरात, उसन्या नावानं?
घरातच होतं.
सही पाहिली. होती.
पण शिक्का मारलेलं पितळ मी लहानपणीच पाहिलंय,
दुकानात, वडिलांच्या कसोटीवर.
सत्तर तपासनिसांपुढे ठेवलं.
एकोणसत्तर गप्प. एक म्हणाला, संशयास्पद.
शेठना तेवढा एकच ऐकू आला.

मग माझा लॅपटॉप उघडला. तीच आवृत्ती, तेच नाव.
दोन्हीकडे फाइलीचा ठसा काढला,
चौसष्ट अक्षरांची रांग.
दगाभाऊ, तुम्ही इकडचं वाचा, मी तिकडचं बघते.
तो गाड्यांचे नंबर वाचतो तसा वाचत गेला :
नऊ, एफ, तीन, शून्य, बी, बी…
एका ठिकाणी थांबला, मागे गेला,
बोट ठेवून पुन्हा वाचलं.
बाहेर ट्रॅक्टरची रांग हॉर्न देत होती.
एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.
शेवटचा सात दोघांनी एकदम म्हटला.

जुळलं, मी शेठना सांगितलं.
म्हणजे चांगली आहे?
म्हणजे ही तीच आहे. जी असायला हवी, ती.
याहून जास्त मला सांगता येत नाही.
हे उत्तर त्यांना आवडलं नाही.

खोका उघडला तेव्हा
आत पंख्याचं पातं दिसेना. पूर्ण कापूस.
तीन हंगामांची रुई, राखाडी, घट्ट,
पाखरानं घरटं करावं तशी.
दगानं रंगाचा ब्रश आणून दिला,
मी ओढत गेले, वातीएवढी, मग मूठभर.
पंखा फिरला. पावती सरसर आली.

बिल लिहिलं : तपासले. दोष नाही. साफ केले.
शेठ म्हणाले, दोषच निघाला नाही तर पैसे कसले?
अर्धे दिले.
चिठ्ठी मात्र घडी करून खिशात ठेवली.

निघताना रस्ता काट्यावरूनच होता.
खिडकीतून दगा ओरडला, ताई, थांबा जरा.
लाल आकडे हलले, स्थिरावले :
एकशे सत्तर.
स्कूटर, मी, अवजारांची पिशवी
आणि त्यातली ती मूठभर रुई,
जी फेकायची राहून गेली होती.
बरोबर शे ना? त्यानं विचारलं.
मी कधी मोजलं नव्हतं.
शे, म्हटलं.